उशिरा बोलणारे मूल आणि घरातल्यांची घाई

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"माझा मुलगा येत्या संकष्टीला दोन वर्षे चार महिन्यांचा होईल. त्याला जेमतेम सात शब्द येतात: आई, बाबा, आज्जी, दे, नको, माऊ आणि टाटा. आमचे एकत्र कुटुंब आहे. धाकट्या जाऊबाईंची मुलगी त्याच्याहून दीड महिन्याने लहान असून ती 'बाबा दुकानात गेले, खाऊ आणणार' असे सरळ वाक्य बोलते. पाहुणे आले की दोघांना शेजारी उभे करून बोलायला लावतात. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, आज इंजिनिअर आहेत. माझे पती आइन्स्टाईनचे उदाहरण देतात. शेजारच्या काकू मात्र 'बुद्धीने जरा मंद आहे का, ते बघून घ्या' म्हणाल्या आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. तसे त्याला सगळे समजते. पाणी हवे असले की 'आपा' करत माझा हात धरून माठापाशी नेतो. गाय दिसली की 'हम्मा' करतो, गाडी निघाली की 'भुर्र'. लहानमोठ्या वाट्या नीट एकात एक बसवतो. सर्दी मात्र त्याला वरचेवर होते. माझे माहेर सीमेपलीकडचे असल्याने मी आणि माझी आई त्याच्याशी कन्नड बोलतो. ते आता बंद करा, असे सगळे सांगतात. उशिरा बोलणाऱ्या मुलांची बुद्धी कमी असते का? त्याची बुद्धिमत्ता चाचणी करून घ्यावी का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे तुम्हाला शांतपणे वाचता येईल. मूल कितव्या महिन्यात बोलू लागले, यावरून ते हुशार आहे की मंद, हे ठरवता येत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर तुम्हीच लिहिलेल्या दोन-तीन गोष्टी काकूंच्या शंकेच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. मात्र या उत्तराच्या भरवशावर स्वस्थ बसा, असेही मी सांगणार नाही. तुमच्या घराभोवती सध्या दोन पक्ष पडलेले दिसतात. काकू घाबरवतात, तर सासूबाई आणि तुमचे पती धीर देतात. पण चूक दोघांचीही एकच आहे. दोघेही मुलाच्या जिभेवरून त्याची बुद्धी वाचायला बसले आहेत, आणि त्या गडबडीत त्याचे कान तपासायचे राहून गेले आहे.

लवकर बोलणे आणि पुढची बुद्धिमत्ता यांचा काहीच संबंध नाही, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियात अतिशय हुशार शाळकरी मुलांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पालकांनी सांगितलेल्या आठवणींनुसार ही मुले सरासरीपेक्षा थोडी लवकर बोलू लागली होती. पालकांच्या आठवणी किती विश्वसनीय असतात, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा संबंध हजारो मुलांच्या सरासरीत दिसणारा आणि अंधूक आहे. महाबळेश्वरला सांगलीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, म्हणून अमुक एका मंगळवारी सांगलीत छत्री लागणार नाही, असे कोणी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 1928 पासून त्याच त्या मुलांना जन्मापासून पुढे वर्षानुवर्षे तपासले, आणि पहिल्या वर्षातील चाचण्यांच्या गुणांवरून शाळकरी वयातील बुद्ध्यांकाचा अंदाज जवळपास बांधताच येत नाही, असे त्यांना आढळले. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण मलाही आवडते, पण दिसतात ते पायच.

काकूंच्या बोलण्यात एक अर्धसत्य आहे, तेही सांगते. ज्या मुलांची एकूण बौद्धिक वाढच मंद असते, ती बहुतेक बोलायलाही उशीर करतात, आणि अनेकदा आईवडिलांच्या लक्षात सर्वांत आधी बोलण्याचा उशीरच येतो. परंतु अशा मुलाचे मागे पडणे बोलण्यापुरते राहत नाही. समजण्यात, खेळण्यात, हाताने खाण्यात, बघून शिकण्यात, असे सगळीकडे ते दिसते. कावळे काळे असतात म्हणून प्रत्येक काळा पक्षी कावळा होत नाही. तुमचा मुलगा लहानमोठ्या वाट्या एकात एक बसवतो, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने पत्रातली ही मोलाची ओळ आहे. कोणती वाटी कोणत्या वाटीत मावेल, हे एकही शब्द न वापरता सोडवायचे कोडे आहे, आणि ते सोडवायला लागते तीच बुद्धी, जिच्याविषयी काकूंना शंका आहे.

बोलणे आणि बुद्धी या वेगळ्या गोष्टी आहेत, याची प्रचीती मला माझ्या कामात रोज येते. माझ्याकडे येणाऱ्या एका नववीतल्या मुलाला सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेने स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) एक शब्दही स्पष्ट उच्चारता येत नाही. अक्षरांच्या तक्त्यावर बोट सरकवत तो बोलतो, आणि बुद्धिबळात गेल्या वर्षभरात मी त्याच्याकडून एकदाही डाव जिंकलेला नाही. ज्या घरात आईवडील कर्णबधिर असतात आणि खुणांची भाषा वापरतात, तिथली कर्णबधिर बाळे साधारण त्याच वयात हातांनी पहिले शब्द करू लागतात, ज्या वयात ऐकू येणारी बाळे तोंडाने करतात. उलट, विल्यम्स सिंड्रोम नावाच्या जनुकीय स्थितीतील कित्येक मुले एकदा बोलू लागली की इतके गोड आणि अघळपघळ बोलतात की पाहुणे हरखून जातात. मात्र चार ठोकळे चित्राबरहुकूम मांडणे त्यांना फार जड जाते. म्हणून जाऊबाईंच्या मुलीचे कौतुक जरूर करा, पण तिच्या वाक्यांवरून तिच्या दहावीचे गुण काढू नका. मुली सरासरीने मुलांपेक्षा थोड्या आधी बोलतात, आणि काही मुले मुळातच गप्पिष्ट असतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता आइन्स्टाईन. घरोघरच्या बाबांनी या गृहस्थांना इतके वेळा साक्षीला बोलावले आहे की त्यांची खरी हकीकत सांगितलेली बरी. ते बोलायला उशिरा लागले, हे त्यांनी स्वतः उतारवयात लिहून ठेवले आहे. आईवडील काळजीत पडले होते आणि त्यांनी डॉक्टरांनाही विचारले होते, असे ते सांगतात. परंतु त्यांची धाकटी बहीण माया हिने लिहिलेल्या आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. तिचा जन्म नोव्हेंबर 1881 मधला, म्हणजे आल्बर्ट तेव्हा दोन वर्षे आठ महिन्यांचा. तुला खेळायला आता बाळ मिळणार, असे त्याला सांगून ठेवले होते. त्याला बहुधा खेळणे वाटले असावे, कारण बाळ पाहिल्यावर निराश होऊन त्याने विचारले, याला चाके कुठे आहेत? म्हणजे त्या वयात हा मुलगा चांगला प्रश्न विचारण्याइतके बोलत होता. तुमच्या पतींना हा तपशील आवर्जून सांगा. शिवाय, उशिरा बोललेल्या लाखो मुलांपैकी एक आइन्स्टाईन झाला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. ज्यांना कमी ऐकू येत होते आणि ज्यांच्या घरच्यांनी चार वर्षे वाट पाहिली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. सासूबाईंच्या सांगण्याला मात्र मी थोडे अधिक वजन देईन. उशिरा बोलणे खरोखरच घराण्यात चालत येते आणि वडील उशिरा बोलले होते, ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. तिचा उपयोग तपासणीच्या कागदावर आहे. तपासणी टाळण्यासाठी तो करू नये.

उशीर म्हणजे नेमका किती, हे आधी मोजू या. लेस्ली रेस्कोर्ला या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये एक शब्दयादी प्रसिद्ध केली आणि तिच्यावरून दोन वर्षांच्या मुलासाठी एक ढोबळ माप रूढ झाले: पन्नासपेक्षा कमी शब्द, किंवा 'बाबा भुर्र', 'दूध नको' असे दोन शब्द जोडून बोलणे सुरू झालेले नसेल, तर त्या मुलाला उशिरा बोलणारे म्हणावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये सुधारलेल्या यादीत, चारपैकी तीन मुले ज्या वयात जे करू लागतात तेच खूण म्हणून धरले आहे, आणि तिथे दोन वर्षांना दोन शब्द जोडणे, अडीच वर्षांना सुमारे पन्नास शब्द, असे मांडले आहे.

तुम्ही सात शब्द मोजले आहेत, पण तुमच्याच पत्रात मला दहा सापडले. 'आपा' हा शब्द आहे. तो पाण्यासाठी, दर वेळी पाण्यासाठीच आणि स्वतःहून वापरला जात असेल, तर त्याचा उच्चार शब्दकोशातल्यासारखा असण्याची गरज नाही. 'हम्मा' आणि 'भुर्र' हेही शब्दच आहेत. आपल्या बाळबोलीतले 'मंमं', 'जोजो', 'बाऊ', 'चिऊ', 'काऊ' सगळे या हिशेबात धरायचे असतात. कन्नडमध्ये तो काय काय म्हणतो, हे तर तुम्ही लिहिलेलेच नाही. तो आजोळी गेल्यावर कोणाला 'बा' म्हणून बोलावत असेल, दुधाला 'हालु' म्हणत असेल, तर ते शब्दही त्याचेच आहेत. आज्जी तर दोन्हीकडे चालते. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानामागे आठवडाभर यादी करा, आणि ती एकटीने न करता सासूबाईंनाही करायला सांगा. आजीपाशी मुले पुष्कळदा आईला ठाऊक नसलेले शब्द बोलतात. तरीही ही यादी वीस-पंचविसाच्या फार पुढे जाईल, असे मला वाटत नाही. म्हणजे तुमचा मुलगा आज तरी उशिरा बोलणाऱ्या मुलांत मोडतो, हे मान्य करावे लागेल.

अशी मुले दुर्मीळ नाहीत. दोन वर्षांच्या दर दहा मुलांमागे एक किंवा त्याहून थोडी अधिक मुले या व्याख्येत बसतात. रेस्कोर्लाबाईंनी त्यातल्या काही मुलांचा सतराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. निवडतानाच त्यांनी अशी मुले घेतली होती, की ज्यांची शब्दांवाचूनची बुद्धी आणि समज सर्वसाधारण होती. उशीर होता तो फक्त बोलण्यात. अशी मुले निवडता येतात, यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांची भाषा शाळेच्या वयापर्यंत सर्वसाधारण पातळीवर आली. सतराव्या वर्षीही ती त्याच पातळीवर होती, मात्र त्यांच्यासारख्याच घरांतल्या वेळेवर बोललेल्या मुलांच्या तुलनेत शब्दसंपत्ती, व्याकरण आणि ऐकलेले लक्षात ठेवणे यांत ती थोडी मागे राहिली. म्हणजे काळजीने झोप उडावी असे काही नाही, आणि 'आपोआप होईल' म्हणून सोडून द्यावे असेही नाही. कोणते मूल आपोआप गाडी पकडेल आणि कोणते मागे राहील, हे दुसऱ्या वर्षी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर तपासायचे.

तपासणीची सुरुवात कानांपासून करायची. तुम्ही लिहिता की त्याला वरचेवर सर्दी होते. लहान मुलांत नाक आणि मधला कान यांना जोडणारी नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती चोंदते आणि पडद्यामागे पाणी साठून राहते. कान फुटत नाही, दुखतोच असेही नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. मूल ऐकते, पण कानात बोळे घातल्यासारखे. 'आ', 'ओ' यांसारखे दणकट स्वर पोहोचतात, तर 'स', 'त', 'फ' असे हलके आवाज वाटेतच विरतात. सर्दी उतरली की आठ-पंधरा दिवस चांगले ऐकू येते, मग पुन्हा तेच. ज्या मुलाला आज 'साखर' आणि उद्या 'आखअ' ऐकू येते, त्याने तो शब्द कसा उचलावा? जन्मल्यावर रुग्णालयात कानांची तपासणी झाली असेल आणि ती चांगली आली असेल, तरी हे दुखणे नंतरचे असल्याने त्या कागदावर विसंबून चालत नाही.

यावर घरोघरचे उत्तर ठरलेले असते: 'त्याला ऐकू येते हो, ताट पडले की लगेच वळून बघतो.' माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः या ताटाला फसले आहे. अडीच वर्षांची एक मुलगी होती. मी तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली, ती वळली. आईकडे पाहून हसत होती, खेळत होती, म्हणून मी सांगितले की सहा महिने वाट पाहू. सहा महिन्यांनी तपासणी केली तेव्हा दोन्ही कानांना मध्यम प्रतीचा बहिरेपणा निघाला. टाळी आणि ताट तिला ऐकू येत होते. चार हातांवरून बोललेले मराठी येत नव्हते. श्रवणयंत्र लावल्यावर ती मुलगी भराभर बोलू लागली. पण ते सहा महिने मी तिला परत देऊ शकले नाही, आणि तेव्हापासून माझ्याकडे कानांच्या तपासणीचा कागद आल्याखेरीज मी कोणत्याही मुलाबद्दल मत देत नाही. तुमच्या मुलाबद्दलही हे पत्र म्हणजे मत नव्हे, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट समजेची. 'त्याला सगळे समजते' हे वाक्य प्रत्येक आई लिहिते, आणि ते पुष्कळदा खरे असते. पण आपण बोलताना हात, मान आणि डोळे किती वापरतो, ते आपल्या लक्षात येत नाही. 'चप्पल आण' म्हणताना आपण चपलेकडे पाहतोच. म्हणून हाताची घडी घाला, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि त्या क्षणी घरात चाललेले नाही असे काहीतरी सांगा: 'तुझी चप्पल आज्जीला दे.' अशी दोन गोष्टी जोडलेली सूचना त्याने खुणेशिवाय पाळली, आणि वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वस्तूंनी पाळली, तर त्याची भाषा आत तयार होत आहे असे समजायला हरकत नाही. ज्यांची समज चांगली असते त्यांचे बोलणे मागाहून येण्याची शक्यता खूपच अधिक असते. समजच अपुरी असेल, तर मी एक दिवसही थांबायला सांगणार नाही.

तुमचे एक वाक्य मी दोनदा वाचले. तो हात धरून माठापाशी नेतो, असे तुम्ही लिहिता. हात धरून नेताना तो तुमच्या तोंडाकडे पाहतो का? 'आपा' म्हणताना नजर तुमच्याकडे असते का, की तुमचा हात त्याच्या लेखी केवळ माठाचे झाकण काढण्याचे साधन असतो? आकाशात विमान दिसले, तर त्याला काही नको असतानाही तो बोट दाखवून 'बघ, बघ' असे तुमच्याकडे वळून पाहतो का? नावाने हाक मारल्यावर बहुतेक वेळा वळतो का? या प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील, तर पुढे वाचा आणि हा परिच्छेद विसरून जा. उत्तरे 'नाही' असतील, किंवा पूर्वी येत असलेले शब्द त्याने टाकून दिले असतील, तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीने बालविकासतज्ज्ञांकडून तपासून घ्यायला हवे, आणि ते पुढच्या महिन्यावर ढकलू नये. घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पत्रातून मला तुमच्या मुलाचे डोळे दिसत नाहीत, तुम्हाला दिसतात, म्हणून विचारते.

कन्नड बंद करू नका. दोन भाषांमुळे मूल बोलायला उशीर करते, हा समज डॉक्टरांपासून शिक्षकांपर्यंत सगळीकडे पसरलेला असला तरी तो बरोबर नाही. दोन भाषा ऐकणाऱ्या मुलाचे शब्द दोन डब्यांत विभागलेले असतात, त्यामुळे एकच डबा मोजला तर ते कमी भरतात. दोन्ही डबे धरले की हिशेब जुळतो. ज्या भाषेत आई मनापासून रागावते, हसते आणि निजवते, ती भाषा काढून घेतल्याने मुलाशी होणारे बोलणेच कमी होते, आणि आपल्याला नेमके तेच नको आहे.

बुद्धिमत्ता चाचणी आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे वापरली जाणारी कामत यांची चाचणी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली गेली, हे तुमच्या दुभाषी घराला ऐकायला गंमतीचे वाटेल. पण ती तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात तोंडी उत्तरांचा भाग मोठा आहे. न बोलणाऱ्या मुलाला बोलून उत्तर द्यायची परीक्षा दिली, तर जो आकडा येईल तो बुद्धीचा नसून बोलण्याचाच असेल, आणि घरात एकदा आकडा शिरला की तो बाहेर काढता येत नाही. तज्ज्ञांना गरज वाटली तर विकासाची चाचणी करता येते. बेली यांच्या चाचणीच्या आधारे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी जे मापन तयार केले, ते 30 महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्यात हालचालींचा आणि मानसिक वाढीचा विचार वेगवेगळा केला जातो. त्यातून मूल कुठे उभे आहे आणि कुठे मदत लागेल ते कळते. भविष्य त्यात नसते.

घरी काय करावे? पाहुण्यांपुढे दोघांना उभे करणे आजपासून बंद करावे, आणि हे तुमच्या पतींनी सांगावे. सुनेने सांगितले तर त्याचा वेगळाच विषय होतो. 'हे काय? ते काय?' अशी दिवसभराची तोंडी परीक्षाही थांबवा. 'पाणी म्हण, तरच देते' हा उपाय तर अजिबात नको. तहानलेल्या मुलाला त्यातून शब्द मिळत नाही, आईवरचा राग मिळतो. तो 'आपा' म्हणाला की त्याच्या उंचीवर बसा, त्याच्या डोळ्यांसमोर पेला धरा आणि म्हणा, 'पाणी. थंड पाणी. पाणी हवंय?' आणि पाणी देऊन टाका. मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजत गप्प राहा. हे गप्प राहणे आपल्याला फार अवघड जाते. मोठ्या माणसाला तीन आकड्यांनंतर राहवत नाही आणि मुलाचा शब्द नेमका सातव्या आकड्याला येत असतो. 'अडगुलं मडगुलं' म्हणताना शेवटचा शब्द गाळून थांबा आणि तो काय करतो ते पाहा. त्याने नुसते कपाळ पुढे केले, तरी ते उत्तरच आहे.

जिभेला वेखंड घासणे, जिभेखालचा पडदा कापणे, यांतल्या कशाचीही बोलणे सुरू होण्यासाठी आवश्यकता नाही. जीभ चिकटलेली असेल तर काही उच्चार बिघडू शकतात, पण मूल त्यामुळे गप्प राहत नाही. मोबाइलविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, आणि कमी तेवढा चांगला, असे सांगितले आहे. जेवताना मोबाइल लागत असेल, तर तो तास तिथेच संपतो.

कुठे जायचे, ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, आणि बोलण्यातील उशीर व ऐकण्यातील दोष या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. अंगणवाडी ताईंना विचारून पुढची तारीख घ्या; तारीख लांबची असेल तर पथकाची वाट न पाहता जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तिथे बालरोगतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्ट एका छताखाली भेटावेत, अशी योजना आहे. मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेपर्यंत जाण्याची वेळ बहुधा येणार नाही. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडद्यामागे पाणी आहे का ते पाहून घ्यावे, मग ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, याची तपासणी) आणि टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का, याची तपासणी), आणि त्यांनी सुचवले तर बेरा (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोहोचतो का, याची तपासणी). कानांचा निकाल काहीही लागो, स्पीच थेरपिस्टची पहिली भेट त्यासाठी अडवून ठेवू नका.

बेरासाठी मूल गाढ झोपलेले लागते आणि पुष्कळ खेपा तिथेच फुकट जातात. ज्या दिवसाची तारीख मिळेल, त्या दिवशी त्याला पहाटे लवकर उठवा, दुपारची झोप मोडा आणि मुख्य म्हणजे एसटीत किंवा गाडीत त्याला मांडीवर डुलकी लागू देऊ नका. बरोबर सासूबाईंना न्या. वाटेत त्याला जागे ठेवायचे काम त्या तुमच्याहून चांगले करतील.